आयुष्य एकाचे, चित्रे अनेकांची

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःच्या रोजच्या आयुष्यावर, म्हणजे नोकरी, घर, ओळखीपाळखीची माणसे आणि त्यांच्याशी होणारी किरकोळ बोलणी यांवर, एक आत्मचरित्रपर कॉमिक करायचे आहे. पण प्रश्नकर्त्याला चित्र काढता येत नाही. परिचयातले तीन-चार चित्रकार एकेक गोष्ट काढून द्यायला तयार आहेत, मात्र त्यांच्या शैली एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. अशा पुस्तकाला आत्मचरित्र म्हणता येईल का, दर गोष्टीत नायकाचा चेहरा बदलल्याने वाचक गोंधळणार नाही का, आणि चित्रकाराच्या हाती नेमके काय द्यायचे, अशी विचारणा आहे. इतरांनी काढायची कॉमिक लिहिणे आणि इतरांनी लिहिलेली संपादित करणे हेच बरीच वर्षे माझे काम असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आत्मचरित्र म्हणता येईल, वाचक गोंधळणार नाही, आणि शैली जुळवून घेण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. याला एक अट मात्र आहे. पानावर चौकटी किती, कोणत्या चौकटीत कोण किती बोलतो आणि कोठे गप्प राहतो, हे लेखकाने स्वतः ठरवलेले असले पाहिजे. चेहरा, हातवारे, खोलीतला उजेड, रेषेची जाडी हे सारे चित्रकारावर सोपवता येते. काळ सोपवता येत नाही. रोजच्या आयुष्यावरच्या गोष्टीत घडण्यासारखे फारसे नसतेच. बोलणे कसे पुढे सरकले, कोठे अडले, कोणत्या शब्दाशी समोरच्याने नजर वळवली, एवढाच तिचा ऐवज असतो, आणि तो जो तेथे हजर होता त्यालाच ठाऊक असतो.

हा मार्ग नवा नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात राहणारे हार्वी पीकर यांनी १९७६ साली ‘अमेरिकन स्प्लेंडर’ हे कॉमिक स्वतःच्या खर्चाने काढायला सुरुवात केली. पीकर माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फायली सांभाळणारे कारकून होते, आणि पुढे नाव झाले, दूरचित्रवाणीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात बोलावणी आली, तरी २००१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती नोकरी सोडली नाही. जॅझ संगीतावर ते परीक्षणे लिहीत आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवीत. त्याच छंदातून १९६०च्या दशकात त्यांची रॉबर्ट क्रम्ब यांच्याशी ओळख झाली. क्रम्ब तेव्हा क्लीव्हलँडमधल्याच एका शुभेच्छापत्रांच्या कंपनीत चित्रकार होते. पुढे क्रम्ब सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथल्या भूमिगत, म्हणजे मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बाहेर निघणाऱ्या, कॉमिकच्या चळवळीतले सर्वांत गाजलेले नाव ठरले. पीकर यांनी आपल्या गोष्टी त्यांना दाखवल्या, त्या त्यांना आवडल्या आणि त्यांतल्या काही काढून देण्याचे त्यांनी कबूल केले. पहिल्या अंकात क्रम्ब यांच्या जोडीला गॅरी डम, ग्रेग बजेट आणि ब्रायन ब्रॅम हे क्लीव्हलँडचेच चित्रकार होते. पुढच्या अंकांमधून चित्रकारांची ही यादी वाढतच गेली.

या गोष्टींत असते काय? रांगेत उभे राहणे, सकाळी उठायचा कंटाळा, कामावरच्या माणसांचे विनोद, बंद पडलेली गाडी, एकटेपणाची रविवारची दुपार. तोवर अमेरिकेत आत्मचरित्रपर कॉमिक निघालेच नव्हते असे नाही. जस्टिन ग्रीन यांचे धार्मिक अपराधभावाने पछाडलेल्या एका मुलाचे ४४ पानी कॉमिक १९७२ साली आले होते, आणि त्याच वर्षी ॲलीन कोमिन्स्की यांनी स्त्रियांनी चालवलेल्या एका कॉमिक अंकात स्वतःवरची गोष्ट काढली होती. पण ही कॉमिक कबुलीजबाबाच्या वळणाची होती. त्यांत आतली घुसमट उफाळून वर येत असे, आणि ती ज्याची त्यानेच काढलेली असे. पीकर यांनी कबुलीच्या जागी निरीक्षण आणले आणि कुंचला दुसऱ्यांच्या हातात दिला. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मला वाटते. दुसऱ्याने काढायचे म्हटले की लेखकाला आपला प्रसंग बाहेरून पाहावा लागतो, कोण कोठे उभे होते हे आठवावे लागते, आणि ‘मला फार वाईट वाटले’ एवढ्यावर भागत नाही.

आता ‘आत्मचरित्र’ या बिरुदाविषयी. फ्रेंच अभ्यासक फिलिप लेजन यांनी १९७५ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र ही तिन्ही माणसे एकच आहेत असे पुस्तक वाचकाला नावानिशी सांगते, आणि तो एक प्रकारचा करारच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रे कोणाच्या हातची असावीत, याविषयी या करारात काही नाही. पीकर यांच्या गोष्टींत पात्र स्वतःचे नाव सांगते, तेच नाव मुखपृष्ठावर असते, आणि रोज सकाळी त्याच नावाचा माणूस त्याच रुग्णालयात कामाला जातो. करार पुरा होतो. चित्रे कोणी काढली हे प्रत्येक गोष्टीच्या आरंभी स्वच्छ छापलेले असते, त्यामुळे वाचकाची फसवणूकही होत नाही.

चेहऱ्याची चिंता बहुतेक नवे लेखक अकारण करतात. ‘अमेरिकन स्प्लेंडर’मधला क्रम्ब यांचा पीकर केसाळ, खांदे पाडलेला, बारीक आडव्यातिडव्या रेषांनी भरलेला असा आहे, डम यांचा पीकर नेटक्या, ठाशीव रेषेतला, जरा शांत वाटणारा आहे, जेरी शॅमरे यांनी छायाचित्रांच्या आधाराने काढलेला पीकर जवळजवळ वास्तववादी आहे. एकाच अंकात हे सगळे भेटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीपर्यंत वाचकाला त्याची सवय होते, कारण बोलणे त्याच माणसाचे असते. २००३ साली या कॉमिकवर निघालेल्या चित्रपटाने हाच धागा उचलला. त्यात पॉल जियामाटी पीकर यांची भूमिका करतात, खरे पीकर मधूनमधून येऊन टिप्पणी करतात, आणि रेखाटलेला पीकरही पडद्यावर वावरतो. प्रेक्षक त्यांतला कोणता खरा हे विचारत बसत नाही.

शिवाय स्वतः चित्र काढणारे तरी कोठे आपला चेहरा जसाच्या तसा काढतात? आर्ट स्पीगलमन यांनी वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणी सांगताना स्वतःसकट सगळ्या ज्यूंना उंदरांची तोंडे दिली. जेम्स कोचाल्का यांनी १९९८पासून २०१२च्या अखेरीपर्यंत रोजनिशीसारखी रोज एक छोटी चित्रपट्टी काढली आणि तीत स्वतःला टोकदार कानांचा, पुढे आलेल्या दातांचा एक बुटका प्राणी केले. याच्या दुसऱ्या टोकाला ॲलिसन बेक्डेल आहेत. २००६ साली आलेल्या, वडिलांविषयीच्या त्यांच्या पुस्तकासाठी त्यांनी प्रत्येक पात्राच्या पवित्र्यात स्वतः उभे राहून छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून चित्रे काढली. म्हणजे त्या पुस्तकातल्या वडिलांच्या उभे राहण्यातही मुलीचे शरीर आहे. प्रत्येकाने स्वतःपासून अंतर राखण्याची आपापली युक्ती काढली आहे. दुसऱ्यांकडून काढून घेणे ही त्यांपैकीच एक युक्ती समजावी आणि तिच्याबद्दल संकोच बाळगू नये.

उलट, अनेक चेहऱ्यांचा एक मोठा फायदा असा की लेखकाला स्वतःची मूर्ती घडवता येत नाही. एकच चित्रकार सतत काढत राहिला तर हळूहळू त्या पात्राचा एक ठरीव मुखवटा तयार होतो, लेखकाला तो आवडू लागतो आणि लेखक त्या मुखवट्याला शोभतील अशाच गोष्टी लिहू लागतो. चार चित्रकार चार प्रकारे पाहतात. एकाला लेखक चिडका दिसतो, दुसऱ्याला बिचारा, तिसऱ्याला विनोदी. मी संपादित केलेल्या कामांत लेखकांनी सर्वांत जास्त हरकती घेतल्या त्या आपल्या पोटावर आणि टकलावर. अशी हरकत घेतली गेली की मी चित्र तसेच ठेवण्याचा आग्रह धरतो.

आता मुख्य प्रश्न: चित्रकाराच्या हाती काय द्यायचे? पीकर साध्या कागदावर चौकटी आखत, त्यांत काडीची माणसे काढत आणि त्यांच्या डोक्यावर संवाद लिहीत. काडीचे माणूस कोणालाही काढता येते. त्यातून कोण डावीकडे आहे, कोण उभा आहे, कोणाचे बोलणे आधी वाचले जायचे, संवादाच्या फुग्याला किती जागा लागेल आणि कोणत्या चौकटीत शब्दच नाहीत, हे सगळे चित्रकाराला एका नजरेत कळते. नुसती लिहिलेली संहिता दिली तर चित्रकार आपल्या सवयीप्रमाणे चौकटी पाडतो, आणि त्याची सवय बहुधा हालचालीच्या गोष्टींवर पोसलेली असते. मग दोन माणसे टेबलापाशी बोलत असल्याच्या प्रसंगात अचानक छतावरून दिसणारे दृश्य येते, हातातला कप पानभर मोठा होतो, आणि बोलण्याचा ताल मोडतो.

एक उदाहरण घेऊ. प्रसंग कार्यालयातला आहे. एक सहकारी निवृत्त होणाऱ्या कोणासाठी तरी वर्गणी मागायला येतो; निवेदकाला तो माणूस आठवत नाही. एका पानावर सारख्या आकाराच्या सहा चौकटी आखाव्यात. पहिल्या चौकटीत सहकारी पाकीट पुढे करून म्हणतो, “तळमजल्यावरचे ते निवृत्त होतायत.” दुसरीत निवेदक विचारतो, “कोण?” आणि उत्तर येते, “ते, चष्म्यावाले.” तिसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही; दोघे एकमेकांकडे पाहतात आणि दोघांनाही चष्मा आहे. चौथीत सहकारी म्हणतो, “अहो, लिफ्टमध्ये रोज ‘कितवा?’ म्हणून विचारतात ते.” पाचवीत निवेदक खिशात हात घालत म्हणतो, “अच्छा, ते होय!” सहाव्या चौकटीत निवेदक पुन्हा कामात मान घालून बसला आहे आणि चौकटीच्या बाहेरून, पलीकडच्या टेबलाकडून, फुगा येतो: “तळमजल्यावरचे ते निवृत्त होतायत.”

या पानाचा सगळा भार तिसऱ्या चौकटीवर आहे. ती नसेल तर चष्म्याचा विनोद शब्दांत सांगावा लागेल आणि तो पडेल. ती दुप्पट रुंद केली तर विनोद ओरडून सांगितल्यासारखा होईल. ती इतर चौकटींएवढीच असली पाहिजे, म्हणजे वाचक शब्द शोधतो, ते सापडत नाहीत, आणि मग तो चित्राकडे पाहतो. कॉमिकमध्ये शांततेला लांबी असते ती अशी: शब्द नसलेली चौकट वाचायला फार थोडा वेळ लागतो, पण प्रसंगातला काळ मात्र तिच्यात लांबतो. हे गणित लेखकाने मनात धरून सहा चौकटी दिल्या की त्या कोणत्याही चित्रकाराला देता येतात. एक चित्रकार तिसऱ्या चौकटीत चष्म्यांच्या भिंगांवर खिडकीचे प्रतिबिंब काढील, दुसरा दोघांनाही नुसते दोन गोल देईल. पान दोन्ही प्रकारे चालेल.

सातवी चौकट घालण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो. तीत निवेदक घरी जाताना विचार करतो की आपणही असेच कोणाच्या तरी लेखी ‘चष्म्यावाले’ असू. हा विचार खोटा नाही. पण तो वाचकाने सहाव्या चौकटीपाशी आपला आपण केलेला असतो, आणि लेखकाने तो पुन्हा सांगितला की वाचकाचा हिरमोड होतो. रोजच्या आयुष्यावरची गोष्ट जिथे बोलणे संपते तिथे संपवावी. हस्तलिखित हाती आले की मी प्रथम प्रत्येक गोष्टीची शेवटची चौकट झाकून वाचतो, आणि बहुतेक वेळा ती झाकलेलीच बरी असते.

मौनाचा दुसरा टोकाचा प्रयोग पाहायचा असेल तर पीकर आणि क्रम्ब यांची नावाविषयीची चार पानी गोष्ट पाहावी. ती १९७७ सालची आहे. तीत ४८ चौकटी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत एकच माणूस समोर तोंड करून उभा राहून बोलतो. टेलिफोनच्या यादीत आपल्याच नावाची दुसरी माणसे आढळल्याचे तो सांगतो, ती मरण पावल्याचे कळल्यावर त्याला अनपेक्षितपणे वाईट वाटते, आणि काही काळाने त्या यादीत त्याच नावाचा आणखी एक माणूस उगवतो. घटना एवढीच. सामान्य चित्रकाराने कंटाळून मागची पार्श्वभूमी बदलली असती, टेलिफोन काढला असता, थडगी काढली असती. क्रम्ब यांनी तसे काहीही केले नाही. चेहऱ्यात इतका सूक्ष्म फरक ठेवला की वाचक तो शोधू लागतो, आणि एखाद्या चौकटीत माणूस काहीच बोलत नाही तेव्हा त्या गप्प बसण्याचे वजन जाणवते. चौकटींचे तेच ते जाळे हा लेखकाचा निर्णय, चेहऱ्यातला फरक हा चित्रकाराचा. ही वाटणी समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

संवादाविषयी दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे प्रसंग घडल्यानंतर शक्य तितक्या लवकर माणसांचे शब्द टिपून ठेवावेत, अर्थ टिपू नये. “ती रागावली होती” अशी नोंद काही महिन्यांनी निरुपयोगी ठरते; “बरं, बरं, ठेव तिथे” ही नोंद उपयोगी पडते. दुसरी म्हणजे बोलण्यातली अर्धवट वाक्ये, अडखळणे आणि तोच शब्द पुन्हा येणे थोडे राखावे, सगळे राखू नये. खरे बोलणे जसेच्या तसे उतरवले तर ते वाचवत नाही, आणि फार घासूनपुसून घेतले तर सगळी पात्रे लेखकासारखी बोलू लागतात. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपलीकडे जाऊ नये, असा माझा साधा नियम आहे; त्याहून जास्त असेल तर ते बोलणे दोन फुग्यांत तोडावे, आणि तोडण्याची जागा बोलणाऱ्याने श्वास घेतला तीच असावी. चौकटीच्या डोक्यावरचे निवेदन मात्र कमीत कमी ठेवावे. चित्रात पाऊस दिसत असताना वर ‘त्या दिवशी पाऊस पडत होता’ असे लिहिणारे लेखक माझ्या अंदाजाने कधीही कमी होणार नाहीत.

शैली वेगवेगळ्या ठेवायच्या तर सूत्र कशाने बांधायचे, असे पुढे विचारले जाईल. माझे उत्तर आहे: अक्षराने. सर्व गोष्टींचे लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरे काढण्याचे काम, एकाच हाताने, निदान एकाच वळणाने करून घ्यावे. वाचक चेहरा चित्रातून पाहतो आणि आवाज अक्षरातून ऐकतो. अक्षर बदलले की माणूस बदलल्यासारखे वाटते, तसे ते चेहरा बदलल्याने वाटत नाही. हाताने काढलेले देवनागरी अक्षर फुग्यात बसवताना वरच्या आणि खालच्या मात्रांसाठी ओळींमध्ये जास्त मोकळीक लागते, म्हणून फुग्यांची जागा आधी आखून मगच चित्रकाराला पेन्सिल चालवू द्यावी. चित्र पुरे झाल्यावर अक्षरे कोंबली तर ती पात्रांच्या डोक्यांवर चढतात. अक्षराखेरीज चौकटींच्या कडांची जाडी आणि चौकटींमधली मोकळी जागा सर्वत्र सारखी ठेवता आली तर उत्तम. चित्रकार त्यास सहसा हरकत घेत नाहीत.

कोणती गोष्ट कोणाला द्यावी, यात लेखकाला सर्वांत जास्त विचार करावा लागतो. बोलण्यावर चालणारी गोष्ट चेहरे बारकाईने काढणाऱ्याला द्यावी. जागेवर, म्हणजे कार्यालयाच्या रचनेवर, जिन्यावर, रस्त्यावर चालणारी गोष्ट ज्याला परिप्रेक्ष्य, म्हणजे जवळ-दूरचे अंतर, आणि वस्तू नेमक्या काढता येतात त्याला द्यावी. आजारपण, भीती, झोप न लागणे अशा गोष्टींना मोकळी, तुटक रेषा मानवते. पीकर यांना १९९०च्या सुमारास लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाला. त्या काळावरचे पुस्तक त्यांनी पत्नी जॉयस ब्रॅबनर यांच्यासह लिहिले आणि ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते संपूर्ण पुस्तक फ्रँक स्टॅक या एकाच चित्रकाराने काढले. स्टॅक यांची रेषा घाईने मारल्यासारखी, कोठे दाट तर कोठे जवळजवळ नाहीशी होणारी आहे, आणि उपचारांनी खंगत जाणारा माणूस तीत जसा उतरतो तसा नेटक्या रेषेत उतरला नसता. बालपणावरचे २००५ सालचे पुस्तकही एकट्या डीन हॅस्पिएल यांनी काढले आहे.

यातून एक मर्यादा लक्षात घ्यावी. सुट्या, लहान गोष्टींना अनेक हात चालतात. एकाच लांब धाग्याच्या गोष्टीला ते सहसा चालत नाहीत. आजारपणाच्या पुस्तकात शरीर पानागणिक बदलत जाते, आणि तो बदल दिसण्यासाठी आधीचे शरीर त्याच हाताने काढलेले असावे लागते. मध्येच चित्रकार बदलला तर नायक खंगला की रेषा खंगली हे वाचकाला कळणार नाही. तेव्हा हातातल्या मजकुराकडे आधी नीट पाहावे. तो प्रसंगांचा संच असेल तर चार चित्रकार घ्यावेत; तो एका वर्षाची, एका नात्याची किंवा एका दुखण्याची सलग हकिगत असेल तर एकच चित्रकार शोधावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा.

चित्रकाराला संदर्भासाठी छायाचित्रे द्यावीत का? जागांची अवश्य द्यावीत. टेबल, दार, खिडकी कोठे आहे याचा काडीच्या चित्राला पत्ता नसतो. माणसांची द्यावीत की नाही हे गोष्टीवर ठरवावे. लेखकाचे स्वतःचे छायाचित्र द्यायला काहीच हरकत नाही. इतरांचे देताना थांबून विचार करावा, कारण इथून पुढचा प्रश्न नीतीचा आहे.

रोजच्या आयुष्यावर लिहायचे म्हणजे इतरांच्या आयुष्यावर लिहायचे. सहकारी, शेजारी, नातेवाईक यांनी पुस्तकात येण्यासाठी अर्ज केलेला नसतो. मी लेखकांना तीन प्रकार वेगळे करायला सांगतो. ज्यांच्याशी रोजचे नाते आहे त्यांना पाने छापण्यापूर्वी दाखवावीत. त्यांनी मजकूर बदलायला सांगितला तर तो बदलायचाच असे नाही, पण त्यांनी तो पहिल्यांदा छापील अंकात वाचू नये. ज्यांची ओळख जुजबी आहे त्यांची नावे, चेहरा आणि हुद्दा बदलावा, आणि बदल चित्रकाराला स्पष्ट सांगावा, नाहीतर तो दिलेल्या छायाचित्रावरून हुबेहूब काढून मोकळा होतो. आणि ज्यांच्यावर लेखकाचा राग आहे त्यांच्याविषयीची गोष्ट काही काळ बाजूला ठेवावी. पुढे ती वाचताना फक्त आपलीच वाक्ये चटकदार आणि समोरच्याची सगळी मूर्खपणाची वाटली, तर ती अजून छापण्याजोगी झालेली नाही असे समजावे. कॉमिकमध्ये हा अन्याय गद्यापेक्षा अधिक बोचतो, कारण गद्यात माणसाला मूर्ख म्हटले जाते आणि चित्रात तो मूर्ख दिसतो.

ब्रॅबनर यांचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्या आधी ‘अमेरिकन स्प्लेंडर’च्या वाचक होत्या, पत्रव्यवहारातून ओळख झाली, लग्न झाले आणि त्या स्वतःच त्या कॉमिकमधले पात्र बनल्या. आजारपणाच्या पुस्तकात त्या सहलेखिका आहेत, आणि त्यामुळे त्यात काळजी घेणाऱ्या माणसाचा थकवा आणि चीड आतून आलेली आहे. एकट्या रुग्णाने लिहिले असते तर ती बाजू बाहेरूनच दिसली असती. घरातले माणूस वारंवार गोष्टींत येत असेल तर त्याला लिहायला बसवता येते का, हे जरूर विचारून पाहावे.

सत्याची मर्यादा कोठवर, हाही प्रश्न येतोच. दोन दिवसांची बोलणी एका दुपारी घालणे, तिघांऐवजी दोनच माणसे ठेवणे, हे सगळेच करतात आणि वाचकही ते गृहीत धरतो. कोणी न म्हटलेले वाक्य कोणाच्या तोंडी घालून त्यावर गोष्ट उभी करणे मात्र मला मान्य नाही. तशी गोष्ट लिहायची असेल तर पात्राला दुसरे नाव द्यावे आणि तिला कथा म्हणावे. चित्रकारानेही काही गोष्टी आपल्या मनाने भरलेल्या असतात, भिंतीवरचे चित्र, टेबलावरचा पसारा, दाराशी उभे असलेले मांजर. त्या तपासाव्यात. मांजर नसेल तर मांजर काढून टाकायला सांगावे, कारण ओळखीचा वाचक नेमका त्या मांजरावर बोट ठेवतो आणि मग बाकीच्या पानावरचाही त्याचा विश्वास डळमळतो.

शेवटी व्यवहार. मित्र असला तरी चित्रकाराशी सुरुवातीलाच लेखी बोलणे करून घ्यावे: पानामागे मानधन किती, ते कधी, पेन्सिलीच्या टप्प्यावर दुरुस्त्या किती वेळा मागता येतील आणि शाई झाल्यावर किती. दुरुस्त्या पेन्सिलीतच मागाव्यात. शाईनंतर चौकट पुन्हा काढायला सांगणे म्हणजे नवे काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. मूळ पाने चित्रकाराकडेच राहतील हे मान्य करावे, आणि पुढे संग्रह किंवा भाषांतर निघाले तर दोघांचा वाटा काय हेही त्याच कागदावर लिहावे. प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या पानावर, लेखकाच्या नावाएवढ्याच ठशात, चित्रकाराचे नाव छापावे. अनुक्रमणिकेतही गोष्टीपुढे ते असावे. वेगळ्या कोणी लेटरिंग केले असेल तर त्याचेही नाव विसरू नये. पहिली गोष्ट म्हणून दोन-तीन पानांची, दोन पात्रांची आणि एकाच जागी घडणारी निवडावी आणि ती चारही चित्रकारांना न देता एकालाच द्यावी; तिच्या काडीच्या चौकटी आणि हातात आलेली पाने शेजारी ठेवून पाहिली की पुढच्या गोष्टींच्या वेळी कागदावर काय जास्त लिहायला हवे आणि काय गाळता येईल, याचा अंदाज येतो.